गिअरबॉक्स चांगला होता, दादा

दादा, गिअरबॉक्स चांगला होता.

काल गॅरेजमधून बाहेर पडले आणि सवयीनं फोन काढला. तुझ्या नावापर्यंत बोट गेलं, मग आठवलं. तिथंच रस्त्याच्या कडेला उभी राहिले. अंगावर धूळ उडवत टँकर जात होते आणि मला कळेना की ही बातमी आता द्यायची कुणाला. वर्षभर भांडलो आपण त्या गाडीवरून. तू म्हणायचास गिअरबॉक्स, मी म्हणायचे क्लच. निकाल माझ्या बाजूनं लागला आणि ऐकायला तू नाहीस. असलं जिंकणं मी मागितलं नव्हतं.

तुझं तेरावं झालं तरी मला एका जागी बसवत नाही. सकाळी सफाळ्यापासून एडवणपर्यंत घरोघर फिरून रक्ताचे नमुने गोळा करते, बोईसरच्या लॅबमध्ये पोचवते, घरी येते, आणि चपला काढल्या की पुन्हा घालावंसं वाटतं. हे लिहायला बसल्यापासून कितीदा तरी उठले. गॅसवर काही नसताना गॅस बघून आले. बाहेर कुणी नसताना दार उघडून बघितलं.

म्हणून सरळ सांगत सुटते. मध्ये तोडू नकोस.

गाडी तुझीच. कंपनीत फिटर होतास तेव्हा तू ती जुनीच घेतलीस, आणि मला लॅबचं काम मिळालं तेव्हा चावी माझ्यापुढं सरकवलीस. "घेऊन जा. हितं नुसती उन्हात उभी हाय." चालवायलाही तूच शिकवलंस, तुमच्या कुंभवलीच्या मागं, कारखान्यांना सुट्टी असते त्या दिवशी, रिकाम्या रुंद रस्त्यावर. मी मीटरच्या काट्यांकडे बघायचे तर तू माझ्या डोळ्यांसमोर हात धरायचास. "तिकडं काय लिवलंय? कानानं चालव. आवाज चढला की वरचा टाक, उतरला की खालचा." बाकीच्यांचे भाऊ बहिणींना गाडी शिकवताना ओरडतात म्हणे. तू ओरडला नाहीस. तू उसासे सोडायचास, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

मग गेल्या वर्षी तिनं त्रास द्यायला सुरुवात केली. गाडी थांबवली की पहिला गिअर पडायचा नाही. दांडा ढकलला तर आतून कुणीतरी परत ढकलतंय असं वाटायचं. रिव्हर्स टाकताना खर्र करून असा आवाज यायचा की एडवणच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मासे सुकत घालता घालता माना वर करायच्या.

मी तुझ्याकडे आले. गाडी कशी तपासायची तेही तूच सांगितलं होतंस, विसरलास? "इंजिन बंद करून गिअर टाकून बघायचं. बंद असतानाबी पडत नाय, तर गिअरबॉक्स, नायतर दांड्याखालच्या सळया. बंद असताना पडतो नि चालू असताना अडतो, तर क्लच पुरता सुटत नाय." मी तुझ्यासमोर करून दाखवलं. इंजिन बंद, सगळे गिअर अलगद पडले. इंजिन चालू, पहिला अडला, रिव्हर्स खरखरला.

"बघ," मी म्हटलं. "क्लच."

तू दांडा हातात धरून हलवलास, डॉक्टर पोट दाबून बघतात तसा. "गिअरबॉक्स हाय. म्हातारी झालीय ती, दात पडलेत तिचे."

"अरे, पण तूच सांगितलंस ना, बंद असताना पडतो म्हणजे..."

"जुन्या गाडीला नियम लागत नाय."

असं कुठं असतं, दादा? पण तुझ्याशी बोलणं म्हणजे असंच. नियम तुझा, आणि मोडायचा हक्कही तुझा.

खरं सांगायचं तर क्लच म्हणायला मला भीती वाटत होती. लॅबमधली मुलं हसायची, "मॅडम, बायका क्लचवरून पाय काढत नाहीत, प्लेट जळणारच." मी गाडी चालवताना पायाकडे बघायला लागले होते. तरीही क्लच म्हणत राहिले, कारण क्लचच होता. तू मात्र एकदाही माझ्या पायाचं नाव काढलं नाहीस. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

दर रविवारी हेच. मी यायचे, तू गाडीत बसून एक चक्कर मारायचास, मान हलवायचास. मग म्हणायचास, "जा, वहिनीला चहा टाकायला सांग. मी पाणीबिणी बघतो." चहा घेऊन मी बाहेर यायचे तोवर बॉनेट बंद असायचं आणि तू हात पुसत असायचास. आणि गंमत म्हणजे पुढचे काही दिवस गाडी नीट चालायची. फोनवर सांगितलं की तू लगेच, "बघ, घाई करू नको म्हटलं ना? आता अडतो का?" मला वाटायचं, माझाच हात सुधारतोय.

आता ती सकाळ.

मी नमुने देऊन लॅबचा जिना उतरत होते. वहिनीचा फोन. "सुलू, याला घाम सुटलाय. छातीत दुखतंय म्हनतो. आंबुलन्स बोलवते तर नको म्हनतो, सुली जवळच हाय तर तिला बोलव." मी पोचले तेव्हा तू ओट्यावर बसला होतास, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून, एखाद्या साखरपुड्याला निघाल्यासारखा. "पित्त झालंय," म्हणालास. तुझा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. वहिनी मागं बसली, तू माझ्या शेजारी.

निघताना गिअर पडले. कारखान्यांच्या रस्त्यानं आलो. नाक्यावर एक टँकर आडवा वळत होता, त्याच्यासाठी थांबावं लागलं. टँकर गेला, समोरचा रस्ता मोकळा झाला, आणि पहिला पडेना. क्लच पार तळाला दाबला, सोडला, परत दाबला. दांडा जागेवर जाऊन आदळायचा आणि परत यायचा. मागून हॉर्नचा नुसता गोंधळ. एक ट्रकवाला उतरून खिडकीशी आला. "मॅडम, साइड में कर दें? धक्का मारें?" मला त्याला हो म्हणायचं का नाही ते सुचेना. वहिनी मागून माझ्या खांद्याला धरून म्हणत होती, "काय झाला ग? काय झाला?"

तू डोळे उघडलेस. "बंद कर."

"काय?"

"इंजिन बंद कर. आता टाक पहिला."

टाकला. पडला.

"क्लच दाबूनच ठेव नि स्टार्टर मार. उडी मारंल, भिऊ नको."

गाडीनं उडी मारली, ट्रकवाला मागं सरकला, आणि आपण चालायला लागलो. "आता थांबू नको," तू म्हणालास. "थांबलीस की परत हाच खेळ." मग दुसरा टाकायचा होता. तू तुझा उजवा हात उचलून माझ्या डाव्या हातावर ठेवलास, दांड्याच्या मुठीवर. तो हात घामानं ओला होता आणि गार होता. "पाय काढ ॲक्सिलेटरवरनं. आता आयक. आवाज उतरतोय, उतरतोय... आता." आणि दुसरा आत गेला, क्लचशिवाय, खरखर न करता. हॉस्पिटलच्या दारापर्यंत तुझा हात तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी आत सोडलं तेव्हा नळ्यांमधून तू मला काय विचारलंस? "गाडी सावलीत लावली का?" मी म्हटलं, हो. लावली नव्हती. मला खूप काही बोलायचं होतं. कंपनीतून दमून आल्यावरही तू मला गणितं सोडवून द्यायचास ते, माझं लग्न मोडलं तेव्हा घरात तू एकट्यानंच 'का मोडलं?' असं विचारलं नाहीस ते. त्यातलं काही बोलले नाही. नर्स म्हणाली आता जा, आणि मी गेले. दुपारी तू गेलास.

डॉक्टरीणबाईंना मी गाठून विचारलं, "नाक्यावर गाडी अडली नसती तर?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "सांगता येत नाही. झटका मोठा होता. पण नक्की असं कुणालाच सांगता येणार नाही." त्यांनी खोटं बोलून मला मोकळं केलं नाही, म्हणून त्यांचा राग आला. आता तेवढा येत नाही.

राख सावडायच्या दिवशी तुझा ओंकार माझ्याकडे न बघता बोलला, "रिक्षानं आणलं असतं तर पोचले असते वेळेवर." तुझा हा मुलगा माझ्या मांडीवर वाढला, दादा. पालघरला कामाला लागला तेव्हा पहिली मिठाई माझ्या हातात ठेवली त्यानं. त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. जेवायला बसलं की ताट घेऊन आत जायचा. आणि वहिनीला सांगून ठेवलं, गाडी भंगारात द्यायची, तिचं तोंड बघायचं नाही मला.

गाडी तुझ्या दारात उभी होती. मी नमुन्यांसाठी कधी रिक्षा, कधी कुणाची स्कूटर असं करत होते. पण बोईसरचं काम झालं की पाय कुंभवलीकडे वळायचे. गाडीत बसायचे, इंजिन बंद ठेवून गिअर टाकायचे. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स. परत पहिला. शेजारच्या बाया बघायच्या. एकदा वहिनी बाहेर आली. "काय करतेस ग एवढा वेळ? तो नाय बसलाय तिथं."

"वहिनी, त्यानं इंजिन बंद करायला का सांगितलं?"

"मना काय म्हाईत?"

तेच तर माझ्या डोक्यात फिरत होतं. गिअरबॉक्सचे दात गेले असते तर इंजिन बंद करून काय होणार होतं? बंद केल्यावर पडतो म्हणजे क्लच सुटत नाही, हे तुझंच. त्या घडीला, छाती धरून बसलेला असताना, तू एका क्षणात क्लचचाच इलाज सांगितलास. मग वर्षभर गिअरबॉक्स कशाला म्हणत होतास? तुला कधीपासून ठाऊक होतं?

झोपेतसुद्धा हाच प्रश्न. शेवटी एका रविवारी ठरवलं की आज सोक्षमोक्ष लावायचा. रिकाम्या आवारात गाडी चालू केली. क्लच दाबून तसाच धरून ठेवला, आतलं सगळं फिरायचं थांबू दिलं, मग रिव्हर्स टाकला. तरीही खरखरला. कसाबसा पहिला टाकला, क्लच तळाला, हँडब्रेक ओढलेला, आणि गाडी पुढं रेटत होती. क्लच दाबूनही सुटत नव्हता. बॉनेट उघडलं. आता पेडल कुणीतरी दाबायला हवं होतं आणि मला तेव्हाच इंजिनाकडे बघायला हवं होतं. एकटीला ते होण्यासारखं नव्हतं.

ओंकार दारात उभा होता. मी हाक मारली. तो आला नाही.

"ओंकार, तुला भंगारातच द्यायची असेल तर दे. पण त्या दिवशी काय झालं ते मला बघू दे. माझ्या हातून झालं असेल तर तेही कळेल. नुसतं पेडल दाब."

त्यानं दाराशीच चपला पायात सरकवल्या. मग येऊन बसला, तोंड दुसरीकडे करून. "दाबू?"

"दाब."

इंजिन आणि पेडलं यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्यातून क्लचची केबल आरपार जाते. ओंकारनं पेडल दाबलं आणि तो पत्रा माझ्या डोळ्यांदेखत पुढं वाकला. भोकाच्या कडेनं चिरलेला होता. पेडलाचा जोर क्लचपर्यंत जातच नव्हता, पत्रा वाकवण्यातच संपत होता.

"सोड. परत दाब. आता इथं ये, मी दाबते, तू बघ."

त्यानं बघितलं. बराच वेळ वाकून बघत राहिला. मला परत दाबायला लावलं, आणि परत. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "हे तुला बसल्या जागेवरून दिसणं शक्यच नव्हतं, आत्या."

मी बॉनेट लावलं आणि हात पुसले.

काल आम्ही दोघं गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेलो, जाताना तुझीच युक्ती, न थांबता. मेकॅनिक बनारसकडचा, हसतमुख माणूस. क्लच उतरवला, प्लेट हातात घेऊन उजेडात धरली. "दीदी, प्लेट तो बढ़िया है. चलाने वाले का पैर अच्छा है." एवढं ऐकायला वर्ष गेलं माझं. गिअरबॉक्सचंही विचारलं. "उसको क्या हुआ है? कुछ नहीं."

मग तो केबल काढायला गेला आणि थांबला. केबलच्या टोकाला, नटाखाली, वॉशरांची चळत होती. एकावर एक, नीट बसवलेले, ग्रीस लावलेले. "ये किसने डाला? हाथ तो कारीगर का है," तो म्हणाला. "उनको लगा होगा केबल ढीली पड़ गई. कसते गए, कसते गए. पर ढीली तो चद्दर हो रही थी. जितना कसा, उतना चद्दर पे ज़ोर आया, और फटती गई." चद्दर म्हणजे तोच चिरलेला पत्रा.

ओंकारनं एक वॉशर उचलून बोटांत फिरवला. "पप्पांचा डबा," तो म्हणाला. "त्यांच्या टेबलाखालच्या डब्यातले आहेत."

चहा टाकायला सांग. पाणीबिणी बघतो.

दादा, मला इतका राग आला. तोंडानं गिअरबॉक्स म्हणत होतास आणि हातानं क्लच कसत होतास! मला आत पाठवून! एकदा म्हणाला असतास, सुले, क्लचच आहे ग, तर गाडी गॅरेजला गेली असती, कुणीतरी पत्रा बघितला असता, आणि नाक्यावर... पुढचं वाक्य मी पुरं करत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं, सांगता येत नाही. पण मी मनात ते वाक्य सुरू करते आणि सोडते, सुरू करते आणि सोडते. आणि त्याच वेळी मला तू बॉनेटखाली वाकलेला दिसतोस, गुडघा दुखत असताना, एकेक वॉशर पुसून घालणारा, मी सोमवारी अडू नये म्हणून. मग रागही नीट धरता येत नाही.

ओंकार गॅरेजबाहेर निघून गेला. टायरांच्या ढिगाशी उभा राहिला. मी गेले. मला वाटलं, तो बापाबद्दल काहीतरी बोलेल, आणि ते मला ऐकवणार नाही.

तो म्हणाला, "आत्या, त्या दिवशी गाडीत काय बोलले ते? आईला विचारायची हिंमत होत नाही."

मी सगळं सांगितलं. इंजिन बंद कर म्हणालास ते, उडी मारेल म्हणालास ते, माझ्या हातावर ठेवलेला हात. तो ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "घाबरले होते का?"

नाही म्हणणं सोपं होतं. तुला तेच आवडलं असतं. पप्पा अगदी शांत होते बाळा, असं. पण मी नुकतीच ती वॉशरांची चळत बघून आले होते.

"हो," मी म्हटलं. "खूप. तिसरा टाकला तेव्हा मला हळूच म्हणाले, 'पोचू ना ग?' आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू. मी म्हटलं, पोचू. मग परत सांगायला लागले, आवाज उतरतोय, उतरतोय."

ओंकार टायरांवर बसला आणि रडला. तू गेल्यापासून तो रडलाच नव्हता हे मला वहिनीनं सांगितलं होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मेकॅनिकनं आतलं मशीन बंद केलं आणि पाण्याची बाटली आणून शेजारी ठेवून गेला.

आज संध्याकाळी गाडी मिळाली. पत्र्यावर नवी पट्टी मारलीय. ओंकारनं चालवली. गिअर असे पडतात की हाताला कळतही नाही. भंगाराचा विषय त्यानं काढला नाही. उलट उद्या सकाळी माझ्याबरोबर एडवणपर्यंत येतो म्हणाला.

वहिनी दारातच होती. "काय निघाला शेवटी?"

ओंकारनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मग तोच म्हणाला, "क्लच. पप्पांना माहीत होतं."

वहिनीला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. "म्हाईत व्हता? मंग वरसभर भांडत का व्हता हिच्याशी?"

वहिनी आत गेली, भांडी वाजली, आणि आतूनच तिचा आवाज आला, जरा वेगळा झालेला. "भांडन मिटला असता तर ही कशाला आली असती दर रविवारी?"

ओंकारला ते पटलं. त्यानं मान हलवली. माझ्या पायाला दोष येऊ नये म्हणून तू गिअरबॉक्सवर ढकलत होतास, असंही असेल, असं तो नंतर म्हणाला. तेही त्याला पटतं. तो आता तुझ्याबद्दल काहीही चांगलं पटवून घ्यायला तयार आहे, आणि ते बरंच आहे.

मला नाही पटत. तू नुसता हट्टी होतास, दादा. नाही म्हण बघू.